वाचकांचे प्रश्न : पीपीओवरचं नाव आधी पाहा

प्रश्न : वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. मागच्या महिन्यात वयाच्या ७२व्या वर्षी वारले. त्यांच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) आईचं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. तिची पेन्शन कशी सुरू करायची?
— वाचक, विक्रोळी

उत्तर : नावाचा घोळ नंतर पाहू. आधी वडिलांच्या निधनाची नोंद ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर करा. नोंद होईपर्यंत पेन्शन त्यांच्या खात्यात येतच राहते आणि ती जास्तीची रक्कम पुढे वसूल केली जाते. तेव्हा त्या खात्यातल्या या पैशांना हात लावू नका. महापालिकेचा मृत्यू दाखला, पीपीओ, डिस्चार्ज बुक, आईचं आधार, पॅन आणि तिच्या खात्याचा कॅन्सल चेक हाताशी ठेवा.

आता नाव. लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची आपल्याकडे रीत, त्यामुळे हा प्रश्न मराठी घरांत फार येतो. पलटणीत पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची अधिकृत नोंद, निघाली एका नावानं, मुंबईत रेशन कार्ड झालं दुसऱ्या नावानं, आणि तीस-चाळीस वर्षं कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले नाहीत. पुष्कळ जण घाईनं आधारच बदलून पीपीओसारखं करून घेतात. तसं करू नका. आधार बदललं की ते बँक आणि पॅनशी जुळेनासं होतं आणि एकाच्या जागी तीन दुरुस्त्या गळ्यात पडतात. आधार, पॅन, पासबुक या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख एकच असेल, तर दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसातच, म्हणजे सैनिकाच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयातच, व्हायला हवी.

तुमच्यासाठी ते बेळगावला आहे, पण तिथे धावत जायची गरज नाही. विक्रोळी उपनगर जिल्ह्यात येते, म्हणून उपनगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. दोन्ही नावांची स्त्री एकच आहे असं आईचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा आणि दोन्ही नावांचे जुने कागद सोबत न्या. अर्ज तिथून पुढे पाठवा आणि पोच घ्या. रेकॉर्ड ऑफिसनं दुरुस्ती मान्य केली की प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून सुधारित पीपीओ निघतो. जन्मतारखेतली चूकही याच अर्जात लिहा.

रकमेबद्दल घरात गैरसमज नको. वाढीव दर, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, निधनानंतर ७ वर्षं किंवा सैनिकाचं वय ६७ झालं असतं तोवर, यातलं जे आधी येईल तितकाच काळ मिळतो. वडील ७२ वर्षांचे होते, म्हणून आईला पहिल्या दिवसापासून साधा दर, म्हणजे ३० टक्के, अधिक महागाई सवलत. कुटुंब निवृत्तिवेतनाची मूळ रक्कम ९,००० रुपयांपेक्षा कमी नसते. आईचं ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डही तिच्या नव्या पीपीओप्रमाणे बदलून घ्या.

ज्यांचे वडील हयात आहेत, त्यांनी आजच पीपीओ काढून पाहावा. सैनिक स्वतः सही करतो तेव्हा हीच दुरुस्ती कितीतरी सोपी जाते. नौदलाच्या नाविकांचं रेकॉर्ड तर मुंबईतच आहे, मानखुर्दच्या चीता कॅम्पला.

प्रश्न : नोव्हेंबरात जीवन प्रमाण (ऑनलाइन हयातीचा दाखला) केलं, पावती आहे, तरी पेन्शन थांबली.
— निवृत्त नाविक, चेंबूर

उत्तर : पावतीवर पेन्शन देणारी संस्था कोणती छापली आहे? बहुधा तुमची बँक असेल. वर्षानुवर्षं बँकेतून पेन्शन घेतल्यामुळे सायबर कॅफेवाला सवयीनं तीच निवडतो. तुमची पेन्शन ‘स्पर्श’कडे गेली असेल, तर संस्था ‘स्पर्श – पीसीडीए पेन्शन्स’ निवडावी लागते आणि क्रमांक स्पर्शचा बारा आकडी पीपीओचा द्यावा लागतो, जुना नाही. दाखला नव्यानं करा, थकलेली रक्कम मिळते. बोटांचे ठसे उठत नसतील तर मोबाइलवर चेहऱ्यानं ओळख पटवता येते. खिडकीकडे तोंड करून बसा, चष्मा काढा. ऐंशी पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

प्रश्न : १४ जानेवारीला सोसायटीत माजी सैनिकांचा सत्कार करायचा आहे. काय काळजी घ्यावी?
— सचिव, गृहनिर्माण संस्था, मुलुंड

उत्तर : फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ला निवृत्त झाले, म्हणून हा दिवस माजी सैनिक दिन. पत्रिकेवर ‘निवृत्त सुभेदार अमुक’ छापू नका. ‘सुभेदार अमुक (निवृत्त)’ छापा. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. पदकं साध्या पोशाखावरही डाव्या छातीवर लावतात, पाहुण्यांना ती लावून यायला आवर्जून सांगा. भाषणं दोनच ठेवा, ऐंशीच्या माणसाला दीड तास ताटकळवू नका.

शाल-श्रीफळाच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल मात्र नक्की मांडा. तिथे कागदपत्रांची सवय असलेली दोन तरुण माणसं बसवा आणि प्रत्येकाचा पीपीओ आधारशी ताडून पाहा. पंधरा वर्षं पुरी न झाल्यानं पेन्शन न मिळालेले जवान आणि त्यांच्या विधवाही शोधा. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, ६५ वर्षांवरील अशा गरजूंना केंद्रीय सैनिक मंडळाचं दरमहा अनुदान आहे. ते ४,००० रुपये होतं, १ नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांना ८,००० झालं. अर्ज ऑनलाइन भरतात आणि तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पुढे जातो. ही माणसं सत्काराच्या यादीत सहसा नसतात, कारण त्यांचं नाव कुणी सुचवलेलं नसतं. शेजारच्या चाळीत वॉचमनला विचारा, त्याला माहीत असतं.