पाईप कोणाच्या पैशाने, गॅस कोणाच्या भावाने? तुमचे प्रश्न

प्रश्न : बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत माझं हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे. ओमान, इराण समोरच आहेत, मग समुद्रातून थेट पाईपलाईन का टाकत नाहीत? जहाजाने येणारा गॅस परवडत नाही हो.

भाऊ, ओमान ते गुजरात पाईपची चर्चा ९०च्या दशकापासून चालू आहे. आणि कागदावर तुमचं बरोबर आहे, कारण एलएनजी, म्हणजे द्रवरूप गॅस, करायचा म्हणजे गॅस उणे १६२ डिग्रीपर्यंत थंड करा, जहाजात भरा, गुजरातच्या दहेज बंदरावर उतरवून परत त्याचा गॅस करा, हे सगळं महाग पडतं. हजार-दोन हजार किलोमीटरसाठी साधारणपणे पाईपच स्वस्त, फक्त इथे समुद्र मधे साडेतीन हजार मीटरच्या आसपास खोल आहे, हा एक मोठा अडसर.

पण खरी गोम पैशात आहे. पाईपचा व्यास दुप्पट केला तर गॅस साधारण साडेपाच पट जातो आणि खर्च मात्र तेवढा वाढत नाही, म्हणून सगळ्यांना जाडा पाईपच हवा असतो. तो पाईप भरून चालला पाहिजे ना! जवळपास सगळा पैसा पहिला गॅस यायच्या आधीच जमिनीत किंवा समुद्रात गेलेला असतो, त्यामुळे पाईप अर्धा रिकामा राहिला की प्रत्येक युनिटवरचा वाहतूक खर्च जवळजवळ दुप्पट. म्हणून बँका आधी २०-२५ वर्षांचा करार मागतात, तोही ‘टेक ऑर पे’, म्हणजे गॅस उचला नाहीतर न उचलता पैसे भरा. अशी सही आपल्याकडे कोण करणार? वीजवाल्यांना कोळसा स्वस्त पडतो, मोरबीचे सिरॅमिकवाले भाव चढला की प्रोपेनवर जातात, आणि तुम्ही तरी २५ वर्षांचं लिहून द्याल का?

जमिनीवरून येणाऱ्या पाईपचं तर बघूच नका. तुर्कमेनिस्तान ते भारत, साधारण १,८०० किलोमीटरची तापी नावाची गॅसलाईन. तिचं काम डिसेंबर २०१५ला सुरू झालं आणि अजून अफगाणिस्तानातच अडकलंय. इराणच्या लाईनमधून आपण भाव आणि सुरक्षेच्या मुद्द्यांवर बाहेर पडलो, ते मला अजूनही योग्यच वाटतं.

प्रश्न : मी एम. एस. युनिव्हर्सिटीत कॉमर्सला आहे. रशिया ते जर्मनी समुद्राखालची नॉर्ड स्ट्रीम २ गॅसलाईन पूर्ण होऊनही तिच्यातून गॅस गेलाच नाही, मग तो पैसा कोणाचा बुडाला?

फार चांगला प्रश्न. साडेनऊ अब्ज युरोची ही लाईन सप्टेंबर २०२१ला पूर्ण झाली, फेब्रुवारी २०२२मध्ये जर्मनीने मंजुरीची प्रक्रिया थांबवली, आणि सप्टेंबरमध्ये स्फोटांत तिचा एक पाईप फुटला. मालक रशियाची सरकारी कंपनी गॅझप्रोम, पण पाच युरोपीय कंपन्यांनी कर्ज दिलेलं होतं, त्यातल्या युनिपरने आणि विंटरशालने प्रत्येकी साधारण एक अब्ज युरो बुडीत दाखवले.

यातून शिकायचं ते हे की पाईप एकदा टाकला की तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही, म्हणजे टाकायच्या आधी भाव ठरवायची जी ताकद असते ती नंतर राहत नाही. चीनने हे बरोबर ओळखलंय. रशियातून चीनला जाणाऱ्या पॉवर ऑफ सायबेरिया लाईनचा वर्षाला ३८ अब्ज घनमीटरचा करार २०१४ला झाला, पण युरोपचं गिऱ्हाईक गेल्यावर रशियाला दुसरी लाईन घाईने हवी होती, तेव्हा चीन मात्र भावावर वर्षानुवर्षं अडून बसला. सप्टेंबर २०२५ला सामंजस्य करारावर सह्या झाल्या तरी भावाचं काही जाहीर केलं नाही.

आता याच्या उलट आपलं उदाहरण बघ. २०१५मध्ये बाजारात गॅस पडला, एलएनजी आयात करणाऱ्या आपल्या पेट्रोनेट कंपनीने कतारकडून कराराइतका गॅस उचलला नाही, आणि तरीही वर्षअखेर भाव जवळजवळ निम्म्यावर आणून दंडही माफ करून घेतला! जहाज होतं म्हणून जमलं, आपल्याला दुसरीकडून घेता येत होतं आणि त्यांना आपलं मोठं गिऱ्हाईक गमवायचं नव्हतं. तोच करार फेब्रुवारी २०२४ला २०४८पर्यंत वाढवला.

पण जहाज म्हणजे सगळं सुरक्षित असंही समजू नकोस. ‘गेल’ या आपल्या सरकारी गॅस कंपनीचा गॅझप्रोमशी २० वर्षांचा एलएनजी करार होता, तो जिच्याकडे होता ती गॅझप्रोमची जर्मनीतली उपकंपनी २०२२ला जर्मन सरकारने ताब्यात घेतली आणि आपली जहाजं यायची बंद झाली. धोरण बर्लिनमध्ये बदललं आणि पुरवठा कापला गेला इथल्या खत कारखान्यांचा.

प्रश्न : दांडिया बाजारात राहते. घरच्या पाईपगॅसच्या बिलाचा परदेशातल्या युद्धाबिद्धाशी काय संबंध? (एक काकू)

काकू, तुमच्या चुलीचा गॅस बऱ्याच अंशी देशातल्याच विहिरींचा असतो. एप्रिल २०२३पासून त्याचा भाव भारत आयात करतो त्या कच्च्या तेलाच्या भावाच्या १० टक्के धरतात, एमएमबीटीयू या गॅसच्या मापामागे खाली ४ आणि वर साडेसहा डॉलरची मर्यादा ठेवून, आणि ही वरची मर्यादा पहिली दोन वर्षं तशीच ठेवून नंतर दरवर्षी पाव डॉलर वाढवायची ठरलं. पण जुन्या विहिरी आटतायत, तो तुटवडा महाग गॅसने भरावा लागतो. म्हणून युद्धाची झळ थोडी उशिरा पण बिलात येतेच.

प्रश्न : मी निवृत्त इंजिनिअर, अलकापुरीत असतो. सोलर इतका स्वस्त झाला, मग आता गॅसच्या लाईनी टाकाव्यात का?

साहेब, २०३०पर्यंत ऊर्जेत गॅसचा वाटा १५ टक्के करायचं सरकारी लक्ष्य आहे, आज तो त्याच्या निम्म्याच्या आसपासच आहे. युरियाला गॅस लागणारच, त्यामुळे देशातल्या मुख्य लाईनी मला हव्याच वाटतात. पण पाईपचा खर्च दशकानुदशकं वसूल होतो, मधेच गिऱ्हाईक विजेकडे वळलं तर तोच खर्च उरलेल्यांवर पडतो, आणि उरतात कोण तर ज्यांना नवीन इंडक्शन, नवीन भट्टी घेणं परवडत नाही तेच. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

म्हणून माझं म्हणणं, नवीन लाईनची आधी किती कपॅसिटी बुक झालीय, कोणी केलीय आणि किती वर्षांसाठी, हे मंजुरीच्या आधीच लोकांपुढे मांडायला हवं. पीएनजीआरबी, म्हणजे गॅस लाईनींवर देखरेख करणारी सरकारी संस्था, वाहतूक दरांवर हरकती मागवते तेव्हा त्या कोणीही पाठवू शकतं. तुम्हाला तर आकडे वाचता येतात, पुढच्या वेळी एक पत्र नक्की लिहा.