डॉग शोमध्ये ‘चॅम्पियन’ किताब सगळ्या जातींना सारख्याच न्यायानं मिळतो का?

कमी कुत्री येणाऱ्या जातीचा चॅम्पियन स्वस्तात होतो असं ऐकलंय, म्हणता. हे सांगणारा माणूस आमच्या दाजींच्या ओळखीतलाच असणार. मलाही वर्षानुवर्षं हेच ऐकावं लागतंय.

दाजी निपाणीचे, त्यांच्याकडं लॅब्रेडर. आमच्या घरी कारवानी, म्हणजे मुधोळची. शोमध्ये लॅब्रेडरच्या रिंगेत उभं राहायला जागा नसते. आमच्या हरणीसोबत कधी एखादी कुत्री, कधी कुणीच नाही. दाजी म्हणणार, ‘ही पुढे चाल झाली की, कुस्ती कुठं झाली?’ ऐकायला पटतं. पण पुढे चाल मिळालेल्या पैलवानाला पंच घरी धाडत नाही, इथं धाडतात. रिंगेत एकटंच कुत्रं असलं तरी दर्जा पटला नाही तर जज सीसी, म्हणजे चॅम्पियन व्हायला लागणारं चॅलेंज सर्टिफिकेट, रोखून धरू शकतो.

हरणीची तशीच रोखली होती. बेळगावातच, थंडीतला शो. जज बाहेरचे, आयुष्य विलायती कुत्री बघण्यात गेलेलं. त्यांनी हरणीच्या पाठीवरनं हात फिरवला, कंबरेची हाडं हाताला लागली. म्हणाले, हडकुळी आहे, खायला घाला. अहो, कारवानीच्या कंबरेची हाडं वर दिसायलाच हवीत! ब्रीड स्टँडर्ड, म्हणजे जात कशी दिसावी त्याचं लेखी वर्णन, वाचून तरी यायचं. मग दात बघायला त्यांनी तोंडाला हात घातला, तशी ती मागं सरली. चावली नाही, साधी गुरगुरली पण नाही. परक्यानं अंगाला हात लावलेला या जातीला खपत नाही, आणि रानात वस्तीवर राखणीला राहणाऱ्या कुत्रीनं कुणापुढंही शेपूट हलवावं असं कुणाला वाटत पण नाही. झालं, भित्री ठरली. सीसी गेली.

बाहेर आलो तर दाजी दोरीपाशीच उभे. ‘एकटी असून हरली की रे तुझी!’ चारचौघांत. आमची ताई बाजूला, ती पण हसली.

पुढं दुसऱ्या एका शोला दुसऱ्या जजनी तिला हात लावायच्या आधी नुसतं चालवलं, पळवलं. तिची ढांग बघून त्यांनी पुन्हा एक फेरी मारायला लावली. सीसी मिळाली. त्या रात्री जेवताना दाजी काय म्हणाले असतील? ‘एकटीच होती, देणार नाही तर काय करणार?’ म्हणजे मिळाली नाही तेव्हा हरली आणि मिळाली तेव्हा फुकट. दोन्हीकडनं कसं चालेल ओ?

बरं, संख्येचा मुद्दा अगदीच खोटा नाही. अमेरिकेत चॅम्पियन व्हायला १५ गुण लागतात आणि एका शोमध्ये १ ते ५ गुण मिळतात, ते किती कुत्री हरवली त्यावर. ती संख्या पण जातीप्रमाणं आणि भागाप्रमाणं वेगळी ठरवतात. लॅब्रेडरला जास्त हरवावी लागतात, दुर्मिळ जातीला कमी. ब्रिटनमध्ये वेगवेगळ्या ३ जजांकडून ३ सीसी लागतात. तिथं काही जातींच्या वाट्याला सीसीच ठेवलेल्या नसतात. आपल्याकडं पण सीसी वेगवेगळ्या जजांकडूनच मिळवाव्या लागतात, एकाच ओळखीच्या जजवर भागत नाही.

पण मला विचाराल तर जज कुठल्या जातीची कुत्री बघत आलाय यावर जास्त ठरतं. वेगवेगळ्या जातींचे विजेते एकत्र उभे राहतात त्या ग्रुपच्या रिंगेत तर हे उघडच दिसतं. झूल पांघरल्यासारख्या केसांच्या अफगाण हाउंडशेजारी आमची सडपातळ कुत्री उभी केली की नजर कुठं जाणार? एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जातींच्या यादीत मुधोळ अजून नाही, त्यामुळं त्यांचा इंटरनॅशनल चॅम्पियन किताब आमच्यासाठी बंदच. टपाल खात्यानं २००५ साली तिकीट काढलं, सैन्यानं पिल्लं मेरठला नेली, पण एफसीआयचं दार लावलेलंच.

तुम्ही देशी कुत्रं दाखवणार असाल तर आधी जजची नावं बघा, देशी जाती त्यांनी किती तपासल्यात ते विचारा. पिल्लू लहान असतानाच शेजाऱ्यापाजाऱ्यांकडनं त्याच्या दातांना हात लावून घ्या. आणि कुणी सांगतंय म्हणून जाड करू नका. पिल्लू विकत घेणार असाल तर पेडिग्रीतल्या, म्हणजे वंशावळीच्या कागदातल्या, ‘चॅम्पियन’ शब्दावर पैसे मोजू नका, आई-बाप चालताना बघा. दाजींच्या लॅब्रेडरचा बाप चॅम्पियन होता. हे कुत्रं एक जिना चढलं की बसतं.

सगळेच जज तसले नसतात, हेही सांगायला हवं. आणि रिंग रिकामी राहते त्यात आपला पण दोष आहे. चिकोडी-अथणीकडं एकेक कुत्रं बघत राहावं असलं आहे, पण नोंदणीचा कागद कुणाकडं नाही, मायक्रोचिपचं नाव काढलं की लोक हसतात.

दाजी हे वाचणार, मला माहीत आहे. त्यांच्या कुत्र्यानं हरणीबरोबर शेताच्या बांधापर्यंत पळून दाखवावं, जज कुणीही आणा. ससा मात्र सोडायचा नाही, वन्यजीव कायद्यानं बंदी आहे.