एआय रोलप्लेमधील पात्राचा पहिला संदेश परिणामकारक कसा लिहावा?

आपण विचारले आहे की, एआय रोलप्लेत, म्हणजे एआय एखाद्या पात्राची भूमिका घेऊन आपल्याशी बोलते त्या खेळात, पात्राचे वर्णन दोन पानभर लिहूनही ते पात्र ‘नमस्कार, आज आपण काय बोलू या?’ यापलीकडे का जात नाही आणि चार-पाच संदेशांतच संवाद का विरून जातो. मी काही काळापासून मराठीत अशी पात्रे लिहीत आहे. माझ्या अनुभवात या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा पहिल्या संदेशात, म्हणजे संवाद सुरू होताना पात्राच्या तोंडी येणाऱ्या, आपणच आधी लिहून ठेवलेल्या मजकुरात सापडते. अशा संवादांसाठी असलेल्या कॅरॅक्टर एआय या संकेतस्थळावर त्याला ‘ग्रीटिंग’ म्हणतात आणि सिलीटॅव्हर्न या प्रोग्रॅममध्ये ‘फर्स्ट मेसेज’.

पात्राची उत्तरे लिहिणारी एआय प्रणाली, म्हणजे भाषा-मॉडेल, आधीचा सारा मजकूर समोर ठेवून पुढचा मजकूर रचते. आपण पहिले वाक्य टाइप करता तेव्हा त्या पात्राच्या तोंडचा म्हणून जो मजकूर मॉडेलसमोर असतो, तो बहुधा एवढा एकच संदेश असतो. पात्र विनोदी आहे, मितभाषी आहे, असे वर्णनात सांगितलेले असते. ते कसे बोलते हे मात्र पहिला संदेश दाखवतो, आणि दाखवलेले मॉडेल अधिक निष्ठेने गिरवते. संदेश एका ओळीचा असेल तर उत्तरेही एका ओळीची येऊ लागतात; कृती तारांकनांत (* *) आणि बोलणे अवतरणचिन्हांत लिहिले असेल तर तीच पद्धत पुढे चालते; क्रियापदाचा काळ आणि (प्रथम, तृतीय असा) पुरुषही तेथूनच ठरतात. म्हणून पुढची उत्तरे ज्या लांबीची आणि ज्या वळणाची हवीत, नेमक्या त्याच लांबीचा आणि वळणाचा पहिला संदेश लिहावा.

एक उदाहरण देतो. जुनी घड्याळे दुरुस्त करणारे तात्या हे माझे एक पात्र आहे. त्यांचा पहिला संदेश मी आरंभी असा लिहिला होता: ‘नमस्कार, मी तात्या. मी घड्याळे दुरुस्त करतो. बोला, काय काम आहे?’ यात खोटे काही नाही, पण वाचणाऱ्याला धरायला काहीच नाही. पुढे मी तो असा बदलला:

*तात्या डोळ्यावरचे भिंग न काढता मान हलवतात.* “हे घड्याळ आजोबांचं म्हणालात ना? मग आतल्या झाकणावर हे दुसऱ्याच कुणाचं नाव कसं?” *ते घड्याळ उघडेच तुमच्यासमोर सरकवतात आणि दिव्याची वात मोठी करतात.*

येथे ओळख करून दिलेली नाही, तरी माणूस, धंदा, काळ आणि स्वभाव कळतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे समोरच्याच्या हातात एक वस्तू आणि एक पेच येतो. तो नाव वाचू शकतो, चिडू शकतो, खोटे बोलू शकतो किंवा घड्याळ उचलून निघून जाऊ शकतो. त्याने काय केले हे मात्र मी लिहीत नाही. ‘तुम्ही दचकून मागे सरकता’ असे पहिल्याच संदेशात लिहिले, तर मॉडेल पुढे प्रत्येक उत्तरात वापरणाऱ्याच्या वतीने कृती करू लागते आणि ती सवय मोडणे फार अवघड जाते. घड्याळ आजोबांचे आहे, असे पूर्वी घडलेले काही गृहीत धरायला हरकत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एका गोष्टीकडे पाहावे लागते, आणि इंग्रजी मार्गदर्शनात ती सापडत नाही. आपले क्रियापद लिंग दाखवते. ‘तू म्हणालास’ लिहिताक्षणी वाचणारी स्त्री प्रसंगाबाहेर फेकली जाते. ‘तुम्ही म्हणालात’, ‘तुम्ही येता’ ही रूपे दोघांनाही चालतात. पात्राने अरेतुरे करणेच योग्य असेल, तर ‘तू पत्र वाचलंस’ यासारखी, क्रियापद कर्माप्रमाणे चालणारी रचना निवडावी. पात्राचे स्वतःचे लिंगही पहिल्याच संदेशात ‘मी आले’ किंवा ‘मी आलो’ अशा एखाद्या रूपातून कळू द्यावे, नाहीतर मॉडेल मध्येच गडबडते. निवेदन प्रमाण भाषेत आणि बोलणे बोलीत ठेवायचे असल्यास तो भेदही येथेच दिसला पाहिजे. मॉडेलचे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर झालेले असल्याने त्याची मराठी भाषांतराकडे झुकते. पहिला संदेश घरगुती, जिवंत मराठीत असेल तर ती ओढ बरीच कमी होते, हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे.

लांबीबाबत थोडेच सांगतो. देवनागरी मजकुराला बहुतेक मॉडेलांत तेवढ्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा अधिक टोकन (मॉडेल मजकूर ज्यांत मोजते ते शब्दांचे तुकडे) लागतात, आणि संवाद लांबला की सर्वांत जुने संदेश मॉडेलच्या नजरेआड होतात. म्हणून कायम लक्षात राहायला हवी अशी माहिती, सतत मॉडेलसमोर राहणाऱ्या वर्णनातच ठेवावी.

संदेश लिहून झाला की मी त्याला तीन निरनिराळी उत्तरे देऊन पाहतो: एक सविस्तर, एक विरोध करणारे आणि एक नुसते ‘हं’. पहिल्या दोहोंना बहुतेक पात्रे नीट प्रतिसाद देतात. ‘हं’ ऐकूनही तात्या घड्याळाच्या झाकणावरच्या नावाकडे परत वळले, तरच मी तो संदेश कायम ठेवतो.