राजीनाम्याआधी चार रविवार

‘मॅडम, बंगल्यांचे प्लॅन काढून कंटाळलोय. नोकरी सोडून गावांसाठी डिझाइन करावं म्हणतो, तर घरचे म्हणतात डोकं फिरलंय.’ सांगलीत दीड वर्षं नोकरी केलेल्या आणि माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका तरुण आर्किटेक्टची ही तक्रार. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) या वयाची बरीच मुलं हेच विचारतात.

त्यानं चित्रं आणली होती. तीस वर्षांनंतरचं कृष्णाकाठचं गाव आणि पुरात तरंगणारी घरं. कल्पना अस्थानी मुळीच नव्हती. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पण ‘पूर आलेल्या किती घरांत बसून बोललात?’ म्हटल्यावर तो गप्प झाला. पगार बुडेल ही भीती होतीच. अनोळखी दार वाजवायची भीती त्याहून मोठी निघाली.

आधी पैशाचा कागद केला. घरखर्च, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, प्रवास असा महिन्याचा आकडा काढून त्याला सहानं गुणलं. तेवढी शिल्लक होईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही, असं ठरलं. त्याचा आदर्श आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची इंदूरची अरण्य वसाहत. तिथं अनेकांना नुसतं जोतं आणि संडास-न्हाणी मिळाली, वरचं घर ज्यानं त्यानं बांधलं. मात्र त्या कामाला इंदूर विकास प्राधिकरण हा पैसे देणारा मालक होता, हे तो विसरला होता. आपल्या कामाची फी कोण देईल, नगरपालिका, ट्रस्ट की कंपनीचा सीएसआर म्हणजे समाजकार्याचा निधी, याच्या तीन ओळी त्याच कागदावर लिहायला सांगितल्या.

मग चार रविवार, एकच गल्ली.

पहिल्या रविवारी चित्रं घरीच ठेवायची. फक्त टेप घेऊन भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा मोजायच्या. बायकांशी बोलायचं तर दुपारी, पुरुषांशी सातनंतर. जलसंपदा विभागाच्या नकाशात घर निळ्या पूररेषेच्या आत की लाल रेषेच्या, हेही पाहायचं. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम सुचवलं, तर कल्पना पहिल्याच परवानगीत अडकते.

दुसऱ्या रविवारी तो घसरलाच. हौसेनं थ्रीडी चित्रांचे रंगीत प्रिंट घेऊन गेला. एका आजींनी विचारलं, ‘यादीत आमचं नाव हाय का?’ गुळगुळीत चित्र म्हणजे मंजूर योजना, असं लोक धरतात. मग खरं बोलत नाहीत, मागणी मांडतात. त्यांचं चुकत नाही.

म्हणून तिसऱ्या वेळी पुठ्ठ्याचं मॉडेल नेलं, १:५० प्रमाणात. दहा फुटी खोली साधारण सहा सेंटिमीटरची, भिंती टाचण्यांनी लावलेल्या, हलवता येणाऱ्या. वर मोठ्या अक्षरांत ‘ही योजना नाही, विचारायला आणलंय’. त्याच आजींनी जिना उपटून बाहेरच्या अंगाला लावला आणि म्हणाल्या, ‘म्हस कुठं जाईल ते आधी सांग.’ त्याच्या तरंगत्या घरात गोठाच नव्हता. जनावरं सोडून निघवत नाही म्हणून माणसं पुरात अडकतात, हे त्याला तिथं कळलं.

चौथा रविवार म्हशीच्या उताराचा चढ किती ठेवायचा यातच गेला. त्याची शिल्लक अजून साडेतीन महिन्यांचीच आहे, त्यामुळं राजीनामा ड्रॉवरमध्येच आहे.