आजीच्या दशक्रियेला दोन शब्द बोलायचे आहेत, काय बोलू?

आजीने आयुष्यभर कोणतं काम केलं, ते बोला. बाकी सगळं त्याच्यानंतर.

तुम्ही लिहिलंय की आजी तालुक्याच्या गावी राहायची, परवा गेली, नातवंडांतर्फे तुम्हाला बोलायला सांगितलंय आणि 'प्रेमळ होती, देवभोळी होती' याच्यापुढे काही सुचत नाही. पेपरातल्या निधनवार्तेत प्रत्येक बाई 'धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाची' असते आणि तिच्या पश्चात मुलं, सुना, नातवंडं असा परिवार असतो. नाव झाकलं तर कोण गेलं ते कळायचं नाही. माझ्या आजीचंही तसंच छापून आलं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

माझी आजी संगमनेरची. लग्न होऊन आली तेव्हापासून डोळे साथ देत होते तोवर तिने विड्या वळल्या. संगमनेर, सिन्नर, नगर, सोलापूर इकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, तिथे गल्लीच्या गल्ली विड्यांवर जगली. कारखान्यातून मोजून तेंदूचं पान आणि तंबाखू मिळायचा. पान रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं, पहाटे पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायचं, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं. चिमूटभर तंबाखू, वळण, दोऱ्याचा वेढा, आणि अंगठ्याच्या नखाने तोंड आत मुडपायचं. त्या एका कामासाठी तिने ते नख वाढवलेलं असायचं. गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बायका पुष्कळ, त्यांच्यात बसून आजी तेलुगूत मोजायला शिकली होती. घरात सगळं बोलणं मराठीत, पण पंचवीसची जुडी बांधताना ओठ हलायचे ते 'वकटी, रेंडू, मूडू' असेच. आम्हा नातवंडांना चॉकलेटंही ती तशीच मोजून द्यायची.

मजुरी हजारी. म्हणजे हजार विड्या पास झाल्या तर त्याचे पैसे. चेकर सूप पालथं करून बघायचा आणि बारीक, सैल, फाटक्या वाटतील त्या छाट म्हणून बाजूला काढायचा. छाटीचे पैसे नाहीत, विडी मात्र त्याच्याकडेच. दिलेलं पान किडकं निघालं, पुरलं नाही, तर पदरचे पैसे घालून बाजारातून पान आणायचं आणि हजार पुरे करायचे. या मजुरीवर काकांचं डी. एड. झालं. आत्याला विडी कामगारांच्या मुलांना मिळते ती शिष्यवृत्ती मिळाली. १९७२च्या दुष्काळात आजोबा खडी फोडायला सरकारच्या दुष्काळी कामावर होते, तेव्हा घरात रोजचं दळण आणलं ते आजीने. हे मला आजीने नाही, तिच्या शेजारच्या मावशींनी सांगितलं.

आता बँकेतली गोष्ट. विडी कामगारांना भविष्य निर्वाह निधी १९७७ साली लागू झाला. घरी बसून वळणाऱ्या बायका कामगार धरायच्या की नाही, यावर मालक लोक कोर्टात गेले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्याही कामगारच. म्हणून आजीला पेन्शन बसली. २०१४ पासून किमान पेन्शन हजार रुपये झाली, तेवढीच तिला मिळायची. पण ते हजार रुपये ती कोणाच्या हातात द्यायची नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला स्वतः जायची, इस्त्रीचं लुगडं नेसून.

एका वर्षी मशीनवर अंगठा लावायचा होता. लागेना. कारकून म्हणाला, आजी हात धुऊन या. धुऊन आली, पदराला पुसले, परत लावला. मग दुसरा अंगठा, मग एकेक बोट. दहाच्या दहा बोटं झाली, मशीन काही घेईना. मी तिची बोटं हातात घेऊन पाहिली. टोकं गुळगुळीत होती, एकही रेघ नीट दिसत नव्हती. रांगेतले लोक बघायला लागले तसे काका घाईघाईने पुढे होऊन म्हणाले, "शेतात राबून राबून झिजलेत हो हात."

आजी वळून म्हणाली, "आरं शेत कुठंय आपल्याला? विड्या वळल्यात म्या, साहेब. तेचीच पेन्शन हाय ना ही?"

मॅनेजर भला माणूस. त्याने कागदावर दाखला करून दिला. काका घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तिच्या दशक्रियेला प्रवरेच्या घाटावर मांडव होता. महाराजांचं प्रवचन झालं, दोन-तीन पुढाऱ्यांनी श्रद्धांजली वाहिली. मग काका बोलले. आई विठ्ठलाची भक्त होती, आईने घर सांभाळलं, आईने संस्कार दिले. सगळं खरं, पण विडीचं नाव नाही. मागे बायकांत तिच्याबरोबर वळणाऱ्या चौघी-पाचजणी बसल्या होत्या. मी माईक मागितला आणि बँकेतली गोष्ट सांगितली, ती जशी बोलली तशीच. मागच्या बायका मोठ्याने रडायला लागल्या. एक म्हातारी उठून पुढे आली आणि तिने स्वतःची बोटं सगळ्यांना दाखवली.

काका तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. "चार लोकांत आईची लाज काढलीस" हे त्यांचं म्हणणं. "शाळेत मी मुलांना तंबाखूमुक्तीची शपथ दिली आणि तू माईकवर विड्या काढल्यास", हेही. काका हे उत्तर वाचणार नाहीत, तरी इथे लिहिते. लाज कसली? देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या बाईला कामगार म्हटलं, तिच्या पोटच्या मुलाने तिला चार लोकांत कामगार म्हणू नये? ज्याच्या फीचे पैसे त्या सुपातून आले त्याने तर मुळीच नाही. शपथ जरूर द्यावी. मीही तंबाखूच्या विरोधातच आहे. आजीला शेवटची कितीतरी वर्षं खोकला होता, घरभर तंबाखूची धूळ असायची, आम्ही त्याच खोलीत झोपायचो. विडीने किती घरं बसली ते मला माहीत आहे. पण विडी वाईट म्हणून वळणारीचे कष्ट लपवायचे, हा न्याय मला मान्य नाही. विडी विकून वाडे बांधणाऱ्यांची नावं गावात पाट्यांवर असतात.

तुमची आजी विड्या वळत नसेलही. गोधड्या शिवत असेल, खानावळीच्या पोळ्या लाटत असेल, दुसऱ्यांच्या शेतावर खुरपायला जात असेल, किंवा घरातल्या चौदा माणसांचं करत असेल. जे असेल ते नाव घेऊन सांगा. एखादी गोष्ट तिने स्वतः लपवली असेल, कोणाला सांगू नको म्हणाली असेल, तर मात्र ती सांगू नका. माझी आजी भर बँकेत बोलली होती म्हणून मी बोलले, नाहीतर बोलले नसते. आणि आईवडिलांना आधी कल्पना द्या. मी दिली नव्हती, कारण दिली असती तर मला बोलू दिलं नसतं. तुमचं घर तुम्हाला माहीत.

किती बोलायचं हेही विचारलंय. चार-पाच मिनिटं पुरे, उन्हात लोक बसलेले असतात. कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर घसा दाटतो. घरच्यांना विचारून तेच 'प्रेमळ' ऐकायला मिळेल, त्यापेक्षा तिच्या बरोबरीच्या बायकांकडे जा. अजून आठवडा हातात आहे. आणि सूत्रसंचालन करणाऱ्याला आदल्या दिवशीच गाठून तुमचं नाव पुढाऱ्यांच्या आधी लिहायला सांगा, ते आले की घरच्यांचा नंबर मागे जातो आणि तोवर निम्मे लोक उठलेले असतात.