एफडी मोडू नका, लेथ मात्र घ्या

नमस्कार. तुम्ही खानापूरचे, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्नर. घरामागच्या शेडमध्ये छोटा लेथ (धातूचा जॉब फिरवून कातायचं मशीन) बसवून त्याला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारा, करायचं मनात आहे, त्यासाठी तीन लाखांची एफडी मोडू का, असं विचारलंय. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, आहे हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत. मला सुरुवात तिथूनच करावी लागते. पुढच्या जूनमध्ये तिच्या प्रवेशाची फी येणार, म्हणून एफडीला हात लावायचा नाही. दिवाळीला आरडीचे 1,40,000 सुटतायत, तेवढ्यात बसेल तो लेथ घ्या. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर काम केलेल्या माणसाला स्वतःचा लेथ हवासा वाटणारच, आणि तो तुम्ही घ्यावा असंच मला वाटतं.

जुना साडेचार फुटी 85,000 ला मिळतोय, नवा बेंच लेथ 1,10,000 ला. जुन्यात लोखंड भरपूर, कंप कमी, हे खरंच. पण बेड (ज्यावर सगळं सरकतं तो पाया) सगळ्यात जास्त झिजतो तो चकजवळ (जॉब धरणाऱ्या भागाजवळ), कारण रोजचं काम तिथंच चालतं. कॅरेजची (हत्यार घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाची) जिब, म्हणजे ढिलाई काढायची पट्टी, चकजवळ नीट बसवा आणि कॅरेज दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे सरकवत न्या. वाटेत आवळायला लागली तर बेड गेलेला आहे. सीएनसीसाठी बॉलस्क्रू (गोळ्यांवर चालणारा स्क्रू) घातल्यानं स्क्रूची ढिलाई जाईल, बेडची झीज तशीच राहील. बेड ग्राइंड करायचा खर्च तुमच्या हिशोबात कुठंच नाही. शिवाय जुन्याची मोटर थ्री फेज आणि घरी हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) सिंगल फेज, म्हणजे सिंगल फेजवर तशी मोटर चालवणारी व्हीएफडी आली. तुमचे जॉब पंचवीस मिलिमीटरच्या आतले पितळी बुश आहेत. त्यांना नवा हलका लेथ पुरतो. त्या 1,10,000 मध्ये 18 टक्के जीएसटी धरलाय का, तेवढं लेखी घ्या. नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही. उरलेले तीस हजार टूल पोस्ट, इन्सर्ट आणि मायक्रोमीटरला लागतील.

सीएनसीसाठी तुम्ही 40,000 धरलेत. त्यात मोटर, ड्रायव्हर, बॉलस्क्रू आले. स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) किती फिरला ते सांगणारा एन्कोडर राहिला, आणि त्याच्याशिवाय आटे पाडता येणार नाहीत. लिमिट स्विच, इमर्जन्सी स्टॉप, पॅनेल, बॉलस्क्रूवर चिप्स पडू नयेत म्हणून झाकण, हेही राहिलं. मशीन चालवायचं सॉफ्टवेअर, लिनक्ससीएनसी, फुकट आहे, तेवढी बचत धरा. मी साठ हजारांच्या खाली धरणार नाही. म्हणून जूनपर्यंत हातानंच चालवा, महिन्याचे बारा हजार बाजूला टाकत राहा, आणि प्रवेश पक्का झाल्यावरच बॉलस्क्रूची ऑर्डर द्या. तेव्हा कमी पडले तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात 50,000 पर्यंत तारणाशिवाय कर्ज असतं. आज ते काढू नका.

ओळखीचे कारखानदार महिन्याला आठ हजारांचं काम देईन म्हणालेत. पहिली ऑर्डर कागदावर येईपर्यंत ते उत्पन्नात धरू नका. काम सुरू झालं की उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. ती फुकट आहे, आणि त्यानंतर कारखानदाराला तुमचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत भागवावं लागतं. काम धंद्याचं झालं की घरगुती मीटर चालणार नाही, त्याचीही चौकशी आधीच करून ठेवा.

पैसे देण्याआधी दुकानातच चकमध्ये एक दांडा धरून शंभर मिलिमीटर टर्निंग करायला सांगा आणि दोन्ही टोकं स्वतः मोजा. 20 मायक्रॉनच्या वर फरक आला तर त्यांच्याकडून तो फरक दुरुस्त करून घ्या, नाहीतर दुसरा लेथ दाखवायला सांगा.