पहिल्या पाणबुडीसाठी कवचाचा आकार
पहिल्या पाणबुडीचे, पाण्याचा दाब झेलणारे कवच गोलाकारच असावे हा तुमचा आग्रह तत्त्वतः योग्यच आहे. तितक्याच त्रिज्येच्या व जाडीच्या दंडगोलापेक्षा गोलातील ताण निम्मा असतो, म्हणूनच १९६० साली चॅलेंजर डीप या महासागरातील सर्वांत खोल जागेच्या तळाशी पोहोचलेल्या ‘त्रिएस्ते’ या खोल बुडीच्या यानातील दोघे पोलादी गोलात बसले होते. मात्र तुम्हाला जेमतेम ३० मीटर जायचे आहे, जेथे पाण्याचा दाब सुमारे ३ वातावरणांइतका असतो; त्यासाठी बिनचूक गोल घडवण्याचा खटाटोप मला अनाठायी वाटतो, शिवाय आत पाय पसरण्यापुरतीही जागा उरत नाही. पोलादी दंडगोल आणि अर्धगोल टोके घ्यावीत; सपाट टोके नकोत. पातळ दंडगोल बहुधा पोचा पडूनच निकामी होतो, त्यामुळे केवळ पत्र्याची जाडी वाढवण्याऐवजी आधाराची गोल कडी एकमेकांपासून कमी अंतरावर बसवावीत, गोलाई काटेकोरपणे मोजावी आणि पहिली बुडी माणसाविना, ठरलेल्या खोलीच्याही खाली द्यावी.